सोळा ठिणग्यांची गाठ

मला जुनी म्हटलंत तरी चालेल. वय दहा आठवडे. हसू नका, मित्रांनो. मुळावरच्या गाठीला दहा आठवडे झाले की तिच्या जातीत तिला आजी म्हणतात. मी वाटाण्याच्या मुळावरची गाठ आहे. मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, टोकाकडे जराशी लांबट, आणि सध्या रंगाने अशी मळकट हिरवी की कुणी उचलून बघणार नाही. पण एके काळी मी आतून गुलाबी होते. नुसती गुलाबी नाही, चांगली लालबुंद. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला एक जण आळशी म्हणाली आहे आणि तो शब्द मला अजून पचलेला नाही.

आता अगदी सुरुवातीपासून सांगते.

लाटवियात, विद्झेमेच्या टेकड्यांमध्ये, वीतोली नावाचं एक घर आहे. घरामागे पायवाट, पायवाटेच्या कडेला रुबार्बची ओळ, आणि रुबार्बच्या मागे वाटाण्याची एक पट्टी. रुबार्ब म्हणजे आंबट लाल देठांची, छत्रीएवढ्या पानांची झाडं. ती लक्षात ठेवा, पुढे साक्ष देणार आहेत. पट्टीत करडे वाटाणे पेरले होते. तिकडे नाताळला ते उकडून, वर कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे परतून घालतात. वाडग्यात एकही दाणा मागे ठेवायचा नाही. मागे राहिलेला प्रत्येक दाणा म्हणजे येत्या वर्षातला एक अश्रू, असं मानतात. त्यामुळे वाटाणे कमी पडले तर त्या घरात ती लहानसहान गोष्ट नसते.

पट्टी विझ्माची होती. विझ्मा पंधरा वर्षांची. तिची आई आयर्लंडमध्ये मशरूमच्या शेडमध्ये कामाला असते आणि दर वर्षी फोनवर सांगते, लीगोला नक्की येते. लीगो म्हणजे जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण. आई काही येत नाही. त्यामुळे दिलेला शब्द पाळणारं माणूस विझ्माच्या माहितीत एकच होतं: तिची मावशी स्काइद्रीते, वीतोलीची घरधनीण.

मे महिन्यात पेरणीच्या दिवशी त्या दोघींचं जे बोलणं झालं ते मला मातीने सांगितलं. मी तेव्हा नव्हते, पण माती काही विसरत नाही.

“मावशी, ही पट्टी माझी. हिच्यात खत घालायचं नाही. कुठलंच नाही.”

“मग वाटाणा काय खाणार? तुझी हुशारी?”

“हवा खाणार.”

“हवा खाऊन पोट भरत असतं तर मी एवढी जाडी झाले असते का?”

“मावशी, मी गंमत करत नाहीये. जुन्या वाटाण्याच्या शेतातली माती आणून मी बियांना चोळलीय. तिच्यातले जीवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पकडतात. तू फक्त हात लावू नकोस. नाताळला घरातल्या सगळ्यांच्या वाडग्यांपुरते वाटाणे यातून निघाले, तर पुढच्या वर्षी मागचा अख्खा उतार माझा.”

“आणि नाही निघाले तर?”

“तर तू म्हणशील तसं. बटाट्यांच्या ओळी खुरपीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.”

“तू गप्प बसलेली बघायची म्हणून तरी नाही निघाले पाहिजेत,” मावशी म्हणाली. मग तिने मातीचा हात एप्रनला पुसला आणि विझ्माच्या हातात दिला. “बरं. हात लावणार नाही. शब्द.”

माझ्या जन्माच्या आधी दिलेला तो शब्द. माझा सगळा संसार त्याच्यावर उभा राहणार होता.

मग बी रुजलं, वेल वर आली, आणि खाली तिच्या मुळांनी मातीत एक वास सोडला. तुम्हाला तो येणार नाही, नाक लावूनही नाही. पण मातीत मोकळे फिरणारे जीवाणू त्या वासाने वेडे होतात. त्यांनी उत्तर पाठवलं. वेलीच्या मुळाचा एक बारीक केस वळला, त्याने त्यांना कुशीत घेतलं, आतून एक बोळ करून दिला, आणि त्या बोळाच्या टोकाशी मी फुगले. म्हणजे मी अर्धी वेलीची आणि अर्धी जीवाणूंची. लेक म्हणा, मैत्रीण म्हणा, मला दोन्ही चालायचं तेव्हा.

आमच्यात ठरलं ते साधं होतं. ती वर उन्हात साखर करणार आणि मला पाठवणार. मी हवेतला नत्र फोडून तिला देणार.

ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

हवेत नत्र भरपूर आहे, पाच भागांतले जवळजवळ चार भाग तोच. पण तो जोडीजोडीने हिंडतो. दोन अणू, एकमेकांना तीन हातांनी घट्ट धरलेले. जगात इतकी चिवट मिठी दुसरी क्वचितच असेल. साखर जाळली की पेशीत ऊर्जेच्या बारीक पुड्या तयार होतात, मी त्यांना ठिणग्या म्हणते. एक जोडी सोडवायला अशा निदान सोळा ठिणग्या लागतात. एका जोडीला सोळा! आणि वर थोडी ऊर्जा हायड्रोजन होऊन उडून जाते ती वेगळीच. एक ग्रॅम नत्र द्यायचा तर मी दहा-पंधरा ग्रॅम साखर फस्त करते. खादाड म्हणा हवं तर. पण कारखान्यात हेच काम करायला चारशे अंशांच्या वर आच आणि भलामोठा दाब लागतो. मी ते पंधरा अंशांच्या गार मातीत करते, धूर न काढता, आवाज न करता.

शिवाय माझं आतलं यंत्र मोठं नाजूक आहे. प्राणवायू लागला की ते मरतं. आणि जीवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. म्हणून मी पोटात एक लाल रंग बाळगते. तुमच्या रक्तातल्या लाल रंगाचा तो चुलतभाऊ. तो प्राणवायूचा एकेक कण हाताला धरून जीवाणूंपर्यंत नेतो आणि वाटेत कुठे सांडू देत नाही. माझा गुलाबीपणा तो हाच. नुसता नट्टापट्टा नाही, कामाचा रंग आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ती सगळ्यात महत्त्वाची. माझ्या पोटातले जीवाणू कामाला लागले तेव्हा ते फुगले, लांबले, त्यांचं रूपच बदललं. एकाचे दोन होण्याची त्यांची ताकद कायमची गेली. काम संपल्यावर पुन्हा मातीत जाऊन मोकळं जगणं त्यांच्या नशिबी उरलं नाही. हे त्यांना माहीत होतं का, ते मला माहीत नाही. पण वेलीने बोलावलं आणि ते आले.

जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी स्वतःला उभं करत होते. या दिवसांत वेलीची फार ओढाताण होते. बियातली शिदोरी संपलेली, माझ्याकडून अजून काही मिळत नाही, उलट मलाच साखर घालायची. त्यामुळे तिची पानं फिकी पडली, पिवळट झाली. हे आजारपण नव्हे. दहा-बारा दिवस थांबलं की सरतं. ती माझ्यासाठी उपाशी राहत होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटायचा की काय सांगू. वरच्या सगळ्या बातम्या मला तीच रसातून पाठवायची. बाकीचं मी मातीतून ऐकायचे. पावलं, बादलीची कडी, माणसांचं बोलणं, सगळं खाली येतं.

बारा जूनला विझ्माने ओळीच्या टोकाची एक वेल उपटून मुळं बादलीत धुतली. गाठ नखाने चिरली, आणि धावतच सुटली.

“मावशी, बघ, गुलाबी आहे. आतून गुलाबी. म्हणजे काम सुरू झालंय.”

“पानं का पिवळी आहेत मग?”

“आत्ता कुठे सुरू झालंय. लीगोनंतर बघ.”

“लीगोनंतर,” मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण पावलं बराच वेळ पट्टीपाशी थांबून होती.

इथे तुम्हाला लीगोचं एक सांगायला हवं. त्या संध्याकाळी डोक्यावर फुलांचे आणि ओकच्या पानांचे मुकुट घालून शेजारपाजारचे लोक घरोघरी गात जातात. चांगलं असेल त्याचं कौतुक करतात, आणि बागेत तण दिसलं, कुंपण मोडकं दिसलं, की घरधनिणीला गाण्यातून अशी सोलतात की वर्षभर आग होते. रागवायचं मात्र नाही. हसायचं, घरचं चीज वाढायचं आणि बिअर पाजायची. गेल्या वर्षी वीतोलीच्या दारात शेजारच्या बेनिताने, त्या गावातल्या सगळ्यात तिखट जिभेच्या बाईने, गाणं सोडलं होतं:

गाजर कुठे दिसत नाही, लीगो, लीगो,
काट्यांना गं तोटा नाही, लीगो, लीगो!

स्काइद्रीते तेव्हा हसली होती. मग पुढे वर्षभर दुकानात कुणी गाजर घेतलं तरी तिला वाटायचं, आपल्यालाच ऐकवतायत.

सतरा जूनला बेनिता कुंपणाशी आली.

“स्काइद्रीते, वाटाण्याला कावीळ झालीय का गं?”

“विझ्माची पट्टी आहे ती. तिचा काहीतरी प्रयोग चाललाय.”

“असेल की. गाताना मी पट्टी कुणाची ते विचारत नाही. दार कुणाचं तेवढं बघते.”

“तुझ्या जिभेला एखादं वर्ष सुट्टी दे.”

“देईन की, मेल्यावर. चीजमध्ये शहाजिरं जास्त घाल या वर्षी. मागच्या खेपेला सपक होतं.”

बेनिता गेली. विझ्मा त्या दिवशी सायकलवरून त्सेसिस शहरातल्या ग्रंथालयात गेली होती. दुपारी मी पावलं ऐकली. जड, ओळखीची. पायवाटेवर थांबली. बादलीची कडी वाजली. मग वरून बारीक गारांसारखं काहीतरी पडायला लागलं. टप, टप, टप. काही मातीवर, काही रुबार्बच्या पानांवर. पांढरे दाणे. नत्र खत.

पावलं गेली. संध्याकाळी पाऊस भुरभुरला, दाणे विरघळले आणि पाण्याबरोबर खाली आले.

मित्रांनो, खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. इतके दिवस उपाशी राहिलेली माझी वेल घटाघटा प्यायली. म्हटलं, पी बाई, मलाही जरा दम मिळेल. दुसऱ्या दिवशी साखर थोडी कमी आली. म्हटलं, ढग असतील. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. पण जूनमध्ये तिकडे सूर्य मावळायचं नावच घेत नाही, ढग तरी किती दिवस धरणार? मी विचारलं. रसातून विचारलं, जसं नेहमी विचारायचे: वर काय चाललंय? उत्तर नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडे येणारा प्राणवायूही आखडला. श्वास कोंडला. आणि मग कळलं, ढगबिग काही नाही. तिने आतून दार लावून घेतलं होतं.

तिचंही एका परीने बरोबर होतं. हे मला माहीत आहे आणि तरी सांगताना अंगाचा तिळपापड होतो. मुळाशी आयता नत्र विरघळून पडलाय, तो उचलायला माझ्यापेक्षा कमी साखर लागते, मग सोळा-सोळा ठिणग्या खाणारी गाठ कोण पोसणार? सगळ्या वेली असंच करतात. पण मला वाटलं होतं, ती सगळ्यांसारखी नाही. निदान सांगेल. “आता नको” एवढे दोन शब्द. ज्यांनी परतीची वाट सोडून तिचं घर धरलं, त्यांना निदान सांगून तरी उपाशी मारायचं.

तेवीस जूनला लीगोची गाणी आली. वर पानं कशी दिसत होती ते मला गाण्यावरूनच कळलं:

वाटाणा हा हिरवागार, लीगो, लीगो,
घरधनीण हुशार फार, लीगो, लीगो!

लोक हसले, टाळ्या पडल्या, बिअरचे पेले एकमेकांवर वाजले. विझ्माचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

“बेनिताकाकू, हवेवर वाढलेत हे. नुसत्या हवेवर. विचारा मावशीला.”

“हो का? मग थोडी हवा माझ्या कोबीलाही पाठव.”

“मावशी, सांग ना त्यांना.”

“चीज घ्या, चीज घ्या,” मावशी म्हणाली. “शहाजिरं जास्त घातलंय या वर्षी.”

ते कौतुक माझ्या कामाचं म्हणून चाललं होतं आणि मी खाली दार ठोठावत होते. माझा लाल रंग त्याच आठवड्यात विटायला लागला. आधी करडा, मग हिरवट. पोटातले जीवाणू एकेक करून गप्प झाले.

जुलैत वेल नुसती पानांनी माजली. इतकी वाढली की काठ्यांना पेलवेना. महिन्याच्या मधोमध वादळ झालं, सगळी पट्टी आडवी पडली, आणि तीन दिवसांच्या पावसाने उरलंसुरलं खत धुऊन खोल नेलं. मग शेंगा भरायची वेळ आली. वाटाण्याला सगळ्यात जास्त नत्र लागतो तो तेव्हा. तेव्हा तिने माझं दार उघडलं. किती दिवसांनी साखर आली, थोडीशी, घाबरत घाबरत. पण आत घ्यायला कुणी उरलं नव्हतं. एक-दोन नव्या गाठी तिने घाईघाईने धरल्या, त्या काय पुऱ्या पडणार? पानं पुन्हा पिवळी पडली. या खेपेचा पिवळेपणा वेगळा होता. मागे तो उभारणीचा होता, आता सरत आल्याचा.

विझ्माने आणखी एक वेल उपटली, माझ्या शेजारचीच. गाठ चिरली. मावशी पायरीवर बसून शेपू चिरत होती, सुरीचा आवाज येत होता.

“हिरव्या आहेत,” विझ्मा म्हणाली. “सगळ्या मेल्यात.”

सुरी चालूच.

“आळशी निघाल्या. बारा जूनला चांगल्या गुलाबी होत्या आणि मग कामच सोडलं त्यांनी.” मग तिचा आवाज खाली गेला. “नाही, माझंच चुकलं असणार. माती नीट चोळली नसेन मी बियांना. नाहीतर जास्त पाणी दिलं. मावशी, तुला काय वाटतं?”

मी वाट बघितली. मातीतल्या गांडुळानेही खणायचं थांबवलं. आता सांगेल. आता म्हणेल, पोरी, चूक तुझी नाही, त्या गाठींचीही नाही.

“होतं असं कधी कधी,” मावशी म्हणाली. आणि शेपू चिरत राहिली.

त्या दिवशी मला समजलं की दार लावून घेणं फक्त मुळांमध्येच होतं असं नाही.

पैज हरलीच असं धरून पुढचे तीन आठवडे विझ्मा खरंच गप्प होती. शब्द दिला होता ना. बटाट्यांच्या ओळी खुरपायची, सांगितलेलं आणून द्यायची. पूर्वी ती माझ्या डोक्यावर उभी राहून स्वतःशीच बडबडायची, हातवारे करायची, ते बंद झालं. मला आळशी म्हणाली म्हणून मी तिच्यावर चिडले होते, पण ती बडबड नसताना माती फार गार वाटली.

ऑगस्टच्या मध्यावर काढणी आली. पट्टीभर वेली उपटून झाल्या, माझीही, तेव्हा जेमतेम एक वाडगा दाणे निघाले. त्यातले निम्मे सुरकुतलेले. एका वाडग्यात नाताळ कसा होणार? शेवटी रुबार्बला अगदी चिकटून असलेल्या तीन वेली राहिल्या. जूनमध्ये रुबार्बची मोठी पानं त्यांच्यावर छपरासारखी झुकलेली होती. काढायचं म्हणून विझ्माने त्यातली एक उपटली, आणि तिथेच बसली.

वेल लहानशी होती, पण शेंगांनी लगडलेली. पानं अजून हिरवी. तिने मुळं धुतली नाहीत, एप्रनला पुसली. गाठ चिरली.

गुलाबी.

दुसरी उपटली. गुलाबी. तिसरी तिने उपटली नाही, हाताने माती बाजूला करून बघितली आणि पुन्हा झाकली. मग ती रुबार्बकडे वळली. रुबार्ब यंदा भलताच माजला होता. वरची पानं नवी, धडधाकट होती. पण खालच्या जुन्या पानांवर भोकं होती. गोगलगायीने खाल्ल्यासारखी वेडीवाकडी नव्हेत. गोल, बारीक, कडेने जळून तपकिरी झालेली. कुणीतरी मूठभर दाणे फेकावेत आणि प्रत्येक दाण्याने एकेक डाग पाडावा, तशी. पायवाटेवरून हात फेकला की दाणे जिथे पोचतात, नेमकं तिथपर्यंत. पानांनी ते झेलले होते, पावसाचं पाणी स्वतःच्याच बुडाशी नेलं होतं, आणि मागच्या तीन वेलींना एक दाणाही लागू दिला नव्हता.

विझ्माने त्यातलं एक पान देठासकट तोडलं. मावशी पायरीवर बटाटे सोलत होती, तिथे जाऊन तिच्या मांडीवर ठेवलं. शेजारी गुलाबी गाठीची मुळी ठेवली.

“कधी?” तिने विचारलं.

मावशी पानाकडे बघत राहिली. “लीगोच्या आधी. तू त्सेसिसला गेली होतीस.”

“हात लावणार नाही म्हणाली होतीस.”

“लोक गातात गं. तुला माहितीय ना गातात ते. दारात उभं राहून ऐकावं लागतं.”

“मी ऐकलं असतं. पट्टी माझी होती.”

“दार माझं होतं,” मावशी म्हणाली. मग हळूच, “मला वाटलं, थोडंसं घातलं तर तुझंच भलं होईल. तुला आनंद झाला होता ना त्या दिवशी?”

“ते जाऊ दे. जुलैत मी विचारलं. माझं चुकलं का, असं विचारलं मी तुला. तेव्हा तू काय म्हणालीस?”

मावशीने मांडीवरचं पान उलटं केलं.

“आई येते म्हणते आणि येत नाही, ते मला माहीत असतं,” विझ्मा म्हणाली. “तुझं माहीत नव्हतं.”

सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मावशी म्हणाली, “पुढच्या वर्षी अख्खा उतार तुझा. आत्ता सांगते.”

“नको. मी जिंकले नाही. तू बेनिताकाकूंना सांग.”

“काय सांगू?”

“हिरवा कशाने होता ते.”

मावशीची पावलं फाटकापर्यंत गेली. तिथे थांबली. मी मातीला कान लावून बसले होते, म्हणजे माझं जे काही कानासारखं आहे ते लावून. कडी उघडली नाही. पावलं परत आली.

त्या दिवशी मला वाटलं, संपलं. माणसं आणि वेली सारख्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेनिता दुधाची किटली घेऊन कुंपणाजवळून चालली होती. मावशीने तिला हाक मारली.

“बेनिता, लीगोचा वाटाणा खताने हिरवा झाला होता. मीच टाकलं. पोरीला न सांगता.”

बेनिताने किटली खाली ठेवली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी गाण्यात घालू का?”

“घाल.”

“नावासकट?”

“नावासकट. आणि पट्टी पिवळी दिसली तर तेही घाल. मी दारात उभी राहीन.”

“बरं,” बेनिता म्हणाली. “खताला यमक शोधायला मला थंडीभर वेळ आहे.”

विझ्मा रुबार्बमागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती हसली नाही, पुढे आली नाही. तिने विळा घेतला आणि उरलेली तिसरी वेल मुळासकट उपटण्याऐवजी मातीलगत कापली. उपटलेल्या वेलींची मुळं तिने एकेक करून पुन्हा खड्ड्यांत घातली आणि वरून माती ओढली. त्यांतच मी आहे. माझ्यावर माती घालताना तिचा हात थोडा थांबला. “तुम्ही आळशी नव्हता,” ती म्हणाली. मावशीशी ती अजून नीट बोलत नाही, असं गांडूळ सांगतं. जेवताना मीठ मागते, तेवढंच. मावशी वाट बघते. या खेपेला बघते.

मी मात्र वेलीला माफ केलेलं नाही, मित्रांनो. गाठीने प्रेमळ असावं असं तुम्हाला वाटत असेल, पण मी खरं तेच सांगते. आता मी विरघळत चालले आहे. माझ्या पोटातले जे कामाला लागले होते ते संपले. बोळाच्या तोंडाशी काही जीवाणू होते, ज्यांना कामाची पाळीच आली नव्हती, ते तेवढे मातीत परत चाललेत. पुढच्या मे महिन्यात याच पट्टीत नवा वाटाणा रुजेल, नवी मुळं तोच गोड वास सोडतील, आणि हे वेडे पुन्हा धावत जातील. कारण इथे काय झालं ते त्यांना माहीतच नाही. ज्यांना माहीत होतं त्यांच्यातलं सांगायला कुणी उरलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगितलं. जूनमध्ये वाटाणा फिका दिसला तर बादली खाली ठेवा आणि बारा दिवस थांबा. लोक हसतील, हसू द्या. खाली कुणीतरी गार मातीत एकेका मिठीपायी सोळा-सोळा ठिणग्या जाळत असतं, आणि तुम्ही हात लावणार नाही म्हणाला होतात, एवढ्याच भरवशावर ते तिथे आलेलं असतं.